सावरखिंडीत झाकण उघडू नये

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी संध्याकाळी आरतीनंतर झाली. आता ही घाटातली. हिच्यातही तुमचं नाव येणार आहे, तेव्हा दिव्याची वात जरा मोठी ठेवते.

बसा गं सगळ्या. फुटाण्यांचं ताट मधे घ्या. आणि रेवती, ती गाडीची किल्ली बोटावर गरगर फिरवणं आधी थांबव. रात्रीच निघते म्हणतेस. सावरखिंडीतून लवकर पोचते म्हणतेस. जा बाई. मामीचं कोण ऐकतं? पण हातातले फुटाणे संपेपर्यंत तरी बस. गोष्ट तुझीच आहे. तू बारा दिवसांची होतीस तेव्हाची.

तर ऐका. वैशाख होता. जमीन तव्यासारखी तापलेली. मी या घरात नवी सून. माझ्या सासूबाई, म्हणजे हिची आजी, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. खाली कोकणात त्यांची लेक मालन, हिची आई. मालनची कूस दोनदा रिकामी झालेली. दोनदा पाळणा माळ्यावरून खाली काढला आणि दोनदा तसाच वर चढवला. आत्याबाई बोलायच्या नाहीत, पण पाळणा वर चढवताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, असं मी ऐकलंय.

मग एका श्रावणात त्यांनी जिवतीपुढे हळदीचा दोरा ठेवला आणि नवस बोलल्या. मालनच्या घरी बाळ आलं, की हा दोरा आपल्या पाळण्याला बांधीन, त्याच पाळण्यात बारसं होईल. आणि पाळणा घरातून निघाल्यापासून पोचेस्तोवर मी पाण्याचा थेंब घेणार नाही. बघा, जिवतीनं ऐकलं. ही आली.

आता बारसं सकाळी, आणि आदल्या दिवशी पाळण्याचा एक खांब हलत होता. सुतारानं लावला जीव आणि केला उशीर. खांब बसला तेव्हा दिवेलागण झालेली. तेव्हा कुठे आमची जुनी जीप निघाली. आमचे हे चालवायला. शेजारी आत्याबाई. मागे मी, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि तुपाची बरणी. टपावर पाळणा, दोरखंडानं आवळून बांधलेला.

निघताना आत्याबाईंनी बॉनेट उघडायला लावलं. गाडीची पूजा करायची. कुंकू लावलं, नारळ वाढवला. मग म्हणाल्या, "दोरा बाळापर्यंत जायचाय, तोवर गाडीलाच राखण करू दे." हे टपावर पाळणा बांधत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. गाडीच्या गळ्याला दोरा बांधायचा, तर मोठा पाइप मनगटाएवढा जाड, त्याला दोरा पुरेना. रेडिएटरच्या झाकणाशी एक बारकी रबरी नळी असते, शेजारच्या प्लास्टिकच्या डब्यात जाते. ती सापडली. तिला गुंडाळला दोरा. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. नवसाची गाठ ती, सैल कशी चालेल? "आता हा पोचल्यावरच सुटेल," म्हणाल्या. बॉनेट बंद.

एवढं लक्षात ठेवा. बारकी नळी.

घाट लागला. कोकणात उतरायच्या आधी सावरखिंडीपर्यंत चढच आहे. चांदणं होतं. वैशाखात सावरीची बोंडं फुटतात ना, तसा तो पांढरा कापूस हवेत तरंगत होता. एकेक पुंजका दिव्यासमोर यायचा आणि डावीकडे वळायचा. वारा नाही. मग वळतो कसा? मी विचारलं नाही. नव्या सुनेनं किती विचारायचं?

पहिल्या वळणाला शीळ ऐकू आली. बारीक. लांबून.

दुसऱ्या वळणाला शीळ जवळ आली. गाडीच्या नाकातूनच येतेय असं वाटावं इतकी.

तिसऱ्या वळणाला, ऐका, जीप दुसऱ्या गियरला कण्हत चढतेय आणि खिडकीला लागून एक माणूस चालतोय. धावत नाही हं. चालतोय. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर फडकं, तोंड अंधारात. रबर जळल्याचा वास.

"पावनं," म्हणाला, "काटा लालीवर गेलाय. पन थांबू नगा. दामटा. वर गेल्यावर आपसूक गार हुतीय."

आमच्या ह्यांना सल्ला कुणीही द्यावा, ते घेतात. दामटायला पाय खाली गेलाच होता.

"थांबव," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, तो म्हणतोय…"

"तो चालतोय, आपण बसलोय. त्याला काय जातंय सांगायला? थांबव."

गाडी थांबली. नेमकी मोठ्या सावरीखाली. इंजिन बंद केलं आणि मग शांततेत तो आवाज. स्स्स्स. पुढून. एखादं जनावर बॉनेटखाली वेटोळं करून बसल्यासारखा.

माझी नजर त्या माणसाच्या पायांकडे गेली. टाचा पुढे. बोटं मागे.

मी आत्याबाईंचा पदर ओढला. "आत्याबाई, त्याचे पाय."

"पाहिले," त्या म्हणाल्या. "आधी गाडीकडे बघू. पाय काही कुठे जात नाहीत."

बॉनेट उघडलं. वाफ. वाफेत तो मोठा पाइप, तटतटून फुगलेला. त्याच्या सांध्याशी, जिथे पट्टी आवळलेली असते ना, तिथून वाफेची बारीक धार. तीच शीळ. भूत बाजूलाच उभं. त्याच्या तोंडाला पाणी सुटल्याचा आवाज आला मला, चटक चटक.

"आता झाकान उघडा," म्हणालं. "आतली वाफ भाईर जाऊ द्या. झाकान उघडलं की झालं."

ह्यांनी फडकं हातात घेतलं. खरं सांगते, कुणीही घेतलं असतं. कोंडलंय, तर सोडावं, असंच वाटतं माणसाला.

आत्याबाईंनी त्यांचा हात बाजूला केला. फडक्याची घडी घालून ती पाइपावर ठेवली आणि दोन बोटांनी दाबून बघितलं. कसं? तान्ह्या बाळाचं पोट दाबून बघतात, तसं.

"दगड झालंय पोट," म्हणाल्या. "वारा धरलाय. अशा वेळी तोंड उघडून दूध घालतात का? की खांद्यावर घेऊन गप थोपटतात?"

"अवो आक्का, ही जीप हाय," भूत म्हणालं. "प्वार न्हाई."

"कळतं मला. कुकरही पोर नाही. पण आमच्या शेजारच्या वहिनींनी शिट्टी जिरायच्या आत झाकण ओढलं. त्यांची डाळ अजून छताला आहे. तीन वेळा चुना मारला, पिवळं वर येतंच."

मग आम्हाला सांगू लागल्या. भुताच्या देखत. पाणी कोंडलेलं असलं की तापत तापत जातं, पण उकळत नाही, दाबाखाली दबून राहतं. झाकण काढलं की दाब जातो, आणि मग सगळं पाणी एकदम, एका क्षणात उकळून वर येतं. तोंडावर. "पाइप घट्ट असेस्तोवर झाकणाला हात नाही. मऊ पडला की बघू. बसा."

आम्ही बसलो. दगडावर. आत्याबाईंनी जपमाळ काढली.

भुताला बसवेना. हिकडून तिकडे, तिकडून हिकडे. टाचा पुढे टाकत चालायचं म्हणजे बघायलाच अवघड. मग गेलं आणि कुठूनशी घागर घेऊन आलं. बर्फासारखं गार पाणी, घागरीला घाम.

"बरं, झाकान ऱ्हाऊ द्या. हे वतू का इंजनावर? चट्दिशी गार."

"तापल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतलं की काय होतं?" आत्याबाईंनी मला विचारलं. भुताला नाही. मला. परीक्षाच ती.

"तडकतो," मी म्हणाले.

"शहाणी आहे सून माझी," त्या भुताला म्हणाल्या. "ठेव घागर."

मग त्यानं तिसरा डाव टाकला. माझ्याजवळ आलं. आवाज मऊ केला. "वैनी, तुमच्या मालकाचं नाव काय वो? हाक मारून सांगतो त्यास्नी. तुमचं ऐकत न्हाईत ते."

तुम्हाला माहीत आहे, भुतानं नावानं हाक मारली आणि माणसानं ओ दिली की संपलं. पण मी तर नवऱ्याचं नावच घेत नव्हते. मी मान हलवली.

"उखाण्यात घ्या की."

अगं, आणि उखाणा माझ्याकडे तयार होता गं. बारशासाठी पाठ केलेला. सावर, वावर असं काहीतरी जुळवलेलं. "सावरीचा कापूस उडतो वाऱ्यावर…" इतकं तोंडातून गेलंसुद्धा. आत्याबाईंनी असा चिमटा काढला, असा काढला, की पुढची ओळ अजून आठवत नाही.

आता भूत पेटलं. "तीस वर्सं हितं उभा हाय," म्हणालं. "एकबी माणूस असा बसून ऱ्हायला न्हाई. जो आला त्यानं उघडलं. तुमी बसताय म्हंजी काय? कदी उघडनार?"

"मऊ पडल्यावर."

"कदी पडनार मऊ?"

"पडेल तेव्हा."

"म्या उघडतो मग!"

आणि धरलं त्यानं झाकण आणि पिरगाळलं.

काय सांगू. आत त्या दोऱ्यानं आधीच दाब दुप्पट कोंडलेला, तो आम्हाला कुठे ठाऊक? पांढरा खांब उसळला सावरीच्या शेंड्यापर्यंत. वरची वटवाघळं उठली. भूत झाकणासकट वर गेलं, फांदीला आपटलं आणि खाली आलं ते टपावर, पाळण्यात. पाळणा करकरला. आतून आवाज, "आयाईगं… आयाईगं…"

आम्ही तिघं दगडावर होतो म्हणून वाचलो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या फडक्याकडे, मग ते फडकं खाली ठेवलं. हळूच. तापलेलं असल्यासारखं.

आत्याबाई उठल्या. तुपाची बरणी घेतली. चाकावर पाय देऊन वर चढल्या. भुताच्या तोंडाला तूप लावलं हो त्यांनी. तोंड कुठे आणि हवा कुठे कळेना, पण तूप हवेत गालासारखं चिकटून राहिलं, चांदण्यात चकाकत. आणि फुंकर घालत विचारलं, "पूर्वी पण असंच झालं ना रे तुझं?"

पाळण्यात मुसमुसणं. "एका बशीचा किलीनर हुतो. गाडी तापली. म्या घाई केली. वाफ आली तसा मागं सरलो, आन मागं दरी." मग नाक ओढून, "थांब म्हनायला कुनी नव्हतं."

"आता मी म्हणते. थांब. आणि झाकण दे आमचं."

"न्हाई देत."

"दे म्हणते ना."

दिलं.

ऐका, एवढ्यावर संपलं असतं तर मी तुला किल्ली घेऊन जाऊ दिलं असतं. संपलं नाही. इंजिन कोमट होईपर्यंत थांबलो. मग सीटखालचा कॅन आणि आत्याबाईंचा पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या, दोन्ही रेडिएटरमध्ये ओतले, हळूहळू. त्यांना पाणी प्यायचं नव्हतं, म्हणून तर तो भरलेला होता. झाकण बसवलं. निघालो. टपावर पाळणा एकटाच झुलतोय. कर्र, कर्र. भूत उतरायला तयार नाही, पडलंय तसंच.

पुढच्या वळणाला पुन्हा शीळ.

पुन्हा थांबलो. पाइप पुन्हा दगड. पुन्हा बसलो. आणि मग मी पाहिलं ते ऐका. गाडी निवत गेली तसा तो फुगलेला पाइप मऊ झाला. मग सैल झाला. मग आत जायला लागला. कुणीतरी आतून चोखतंय तसा. दोन्ही बाजूंनी गाल आत. शेवटी चपटा. चपटा, वाळल्या शेंगेसारखा.

मी किंचाळले. "आत्याबाई, तो पाणी प्यायला!"

टपावरून आवाज आला, दुखावलेला. "म्या न्हाई. माजं त्वांड भाजलंय. म्या कशाला पिऊ?"

"मग कोण?"

"कोन म्हंजी? ढेकर आन घोट एकाच वाटंनं असतो. ताप वाढला की जादा पानी त्या बारक्या नळीतून डब्यात जातं. गार झालं की डब्यातनं परत आत येतं. तुमची नळी बगा की. कुनीतरी गळा आवळलाय तिचा. ना ढेकर जातोय, ना घोट येतोय. फुगंल न्हाई तर काय? चपटंल न्हाई तर काय?"

"हे आधी का नाही सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"तवा तुमाला घालवायचं नव्हतं," भूत म्हणालं. "आता हाय."

ह्यांनी बॅटरी मारली. नळीला हळदीचा दोरा. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

आत्याबाईंचे ओठ सुकून पांढरे झाले होते. पूर्वेकडे डोंगराची कड दिसायला लागली होती. खाली मालन सकाळपासून दाराकडे बघणार. पाळणा पोचला नाही तर बारसं दुसऱ्याच्या पाळण्यात. आणि दोरा सोडावा, तर पोचल्यावरच सुटेल असं निघताना बोलून गेलेल्या. दोनदा रिकाम्या झालेल्या लेकीसाठी बोललेला नवस. ते हात कसे धजावतील?

ह्यांनी चाकू काढला. "आई, मी कापू का?"

"कापू नकोस," त्या म्हणाल्या. आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून मला विचारलं, "मी नवस काय बोलले होते? नीट आठव. दोरा कशाला बांधीन?"

"पाळण्याला."

"पाळणा कुठे आहे?"

"टपावर."

"मग मी रस्ताभर दोरा नळीला बांधून का फिरतेय? जिवतीनं गाडीचा गळा कधी मागितला होता? ती हौस माझी."

नखांनी सोडवल्या त्यांनी गाठी. एकेक. शेवटची सुटली आणि नळीतून आवाज आला, गुटुक. डब्यातलं पाणी आत जायला लागलं. गुटुक, गुटुक. तान्हं बाळ पितं तसं. तो चपटा पाइप हळूहळू भरला, गोल झाला, झोपेतून उठल्यासारखा. आत्याबाईंनी दोन बोटांनी दाबून बघितला. "आता कसं पोट आहे बघ," मला म्हणाल्या. मी पण दाबला. भरलेला, पण मऊ.

मग त्या टपावर चढल्या आणि दोरा पाळण्याच्या कडीला बांधला. "आता उतर बाबा," भुताला म्हणाल्या. "ही जागा बाळाची."

दोरा बांधल्यावर त्याला तसंही राहवेना. सरकत सरकत खाली आलं. हवेत नुसता तुपाचा गाल. "कुटं जाऊ?" म्हणालं.

"इथेच राहा. येईल त्याला सांग, थांब म्हणून. तुला जे कुणी सांगितलं नाही ते."

"सव न्हाई वो आक्का. तोंडातनं उघडाच येतं."

"लागेल सवय. एकदम नाही लागत. मलाही पाण्याशिवाय राहायची नव्हती."

आम्ही निघालो. मी मागे वळून बघितलं नाही. बघायचं नसतं. पण वळणावर हाक आलीच. "पावनं… दामटा…" मग जरा थांबून, अडखळत, "न्हाई, न्हाई… सावकाश…"

आम्ही पोचलो तेव्हा शेजारचा पाळणा आणून ठेवलेला होता. मालननं आमची जीप बघितली आणि तो पाळणा स्वतःच्या हातानं बाजूला सारला. बाळंतीण बाई, बारा दिवसांची. आम्ही आमचा पाळणा टांगला. दोरा होताच कडीला. तुला त्यात घातलं रेवती, तुझ्या आत्यानं कानात नाव सांगितलं, आणि तू पहिलं काय केलंस? ढेकर दिलास. मोठा. आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेव्हा कुठे कुणाला आठवलं की त्यांनी कालपासून पाणी घेतलं नाही. मालननं आपल्या हातानं त्यांना पाणी पाजलं. अर्धं पदरावर सांडलं, दोघींच्या.

तो पाळणा आत आहे. दोरा पण आहे. बघायचा तर बघ जाऊन.

संपले फुटाणे? मग माझं एवढं ऐक आणि मग तुझं तू ठरव. सावरखिंडीच्या वाटेनं रात्री जाऊ नये. जाऊच नये. सकाळी ऊन पडल्यावर बाहेरच्या रस्त्यानं जा, तासभर उशीर झाला तर होऊ दे, तुझ्या आजीनं अख्खी रात्र काढली होती. आणि कधी कुठे गाडी तापलीच, काटा लालीवर गेला, तर बाजूला घे, बंद कर आणि बस. जप येत असेल तर जप कर. नसेल येत तर फुटाणे खा. पाइप मऊ पडेपर्यंत.

कुणीतरी येईल मदतीला. येतंच कुणीतरी. म्हणेल, झाकण उघडा. तेव्हा आधी त्याचे पाय बघ.

आणि पाय सरळ असले, तरी झाकण उघडू नकोस.

ठेवलीस किल्ली? ठेव, तिथे जिवतीपुढे ठेव. आता अंथरुणं घाला गं.